तिन्हीपैकी दोनच

गेल्या शनिवारी दुपारी माझा धाकटा चुलतभाऊ घरी आला, तो लॅपटॉप उघडा ठेवूनच आला म्हणा ना. चपला दारात, पण एक्सेल शीट मात्र थेट डायनिंग टेबलवर. पठ्ठ्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि लहानपणापासून गन्सचं भयंकर वेड. आधी काऊंटर-स्ट्राईक, मग पब्जी, आता यूट्यूबवर तासन्‌तास रायफलींची चिरफाड बघणं. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांवर क्लोज क्वार्टर बॅटल कार्बाईन्सचा करार केला, मुंढव्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या दोघांशी. तेव्हापासून स्वारी हवेतच आहे. डिझाईन पाषाणच्या एआरडीईचं, कंपनी पुण्याची, म्हणजे 'आपल्या इथली' बंदूक. बातमीत 'ॲक्सेसरीजसह' असा एक शब्द होता, त्या शब्दाला धरून याने महिनाभर अभ्यास केला होता.

"दादा, हे बघ. कार्बाईनला कुठला सप्रेसर लावावा, त्याची कम्पॅरिझन. वीस मॉडेल्स."

शीट बरीक सुंदर होती. लांबी, व्यास, वजन, धातू, जोडणीचा प्रकार, किंमत. आणि सगळी यादी वजनाच्या कॉलमवर सॉर्ट केलेली. वर हिरव्या रंगात विजेता: सगळ्यात छोटा, सगळ्यात हलका, टायटॅनियमचा.

मी म्हटलं, "छान आहे रे. पण आवाज किती कमी होतो, तो कॉलम कुठाय?"

"तो डिलीट केला. प्रत्येक कंपनीने वेगळ्या बंदुकीवर, वेगळ्या पद्धतीने मोजलाय. कंपेअरच होत नाही. डेटा क्लीन नव्हता ना!"

म्हणजे पाहा मंडळी, आवाज कमी करायच्या यंत्रांची तुलना, आणि त्यात आवाजाचाच कॉलम नाही. मला हसू आलं. पण पाच मिनिटांनी ते हसू जरा विरलं, कारण शेजारच्या खोलीत आमच्या अण्णांचा टीव्ही बेचाळीस व्हॉल्यूमवर चालला होता.

अण्णांकडे नंतर येतो. आधी विषय नीट मांडतो, कारण यातलं बरंचसं मलाही त्या शनिवार-रविवारीच कळलं.

पहिली गोष्ट, तुम्ही-आम्ही हे नळकांडं विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळ कमी करणाऱ्या ॲक्सेसरीज थेट पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित वर्गात बसवल्या आहेत. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी लोक बंदुकीला सप्रेसर लावतात आणि त्याला शेजाऱ्यांबद्दलचं सौजन्य समजलं जातं. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसवला होता, तो २०२६ च्या जानेवारीपासून शून्यावर आला, नोंदणी मात्र राहिलीच. आपल्याकडे हा विषय फक्त सैन्य आणि पोलिसांचा. तेव्हा हा लेख खरेदीचा सल्ला नाही. निवड कशी करतात, आणि करताना काय हमखास चुकतं, याबद्दलचा आहे. आणि हे चुकणं फक्त बंदुकीपुरतं नाही, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट, सिनेमात दाखवतात तसं 'फुस्स' होत नाही. बंदुकीच्या आवाजाचे मुख्य भाग दोन. एक म्हणजे नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट. दारूच्या जळण्यातून प्रचंड दाबाचा तापलेला वायू तयार होतो, तो गोळीच्या मागोमाग एकदम बाहेर पडतो, आणि कानठळ्या बसतात. दुसरा भाग गोळीचा स्वतःचा. इन्सास रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. आवाजाचा वेग साधारण ३४०. म्हणजे गोळी आवाजाच्या अडीचपटीहून जास्त वेगाने जाते आणि वाटेत चाबूक ओढल्यासारखा कडाका करत जाते. सप्रेसर या कडाक्याला काहीही करू शकत नाही. तो काम करतो फक्त पहिल्या भागावर.

कसं? कुकरचं उदाहरण घ्या. प्रेशर असताना झाकण एकदम उडालं तर काय होईल, आणि तीच वाफ शिट्टीतून हळूहळू सोडली तर काय होतं? वाफ तेवढीच, फरक फक्त किती वेळात बाहेर पडते याचा. सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडाला लावलेलं एक पोकळ नळकांडं, आत पडद्यांनी केलेल्या खोल्या. गोळी मधल्या भोकातून निघून जाते, वायू मात्र खोल्याखोल्यांत अडकतो, पसरतो, थंडावतो, आणि मग दमानं बाहेर येतो. बास. तत्त्व एवढंच.

आता आकडे. सप्रेसर नसलेल्या ५.५६ च्या रायफलीचा आवाज १६५ डेसिबलच्या आसपास जातो. चांगला सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो. आपण म्हणतो, १६५ चे १३५ झाले, म्हणजे जेमतेम अठरा टक्के? तर नाही. डेसिबल ही लॉगरिदमची पट्टी आहे. ३० डेसिबल कमी म्हणजे कानाच्या पडद्यावर येणारा दाब जवळपास एकतिसाव्या-बत्तिसाव्या भागावर. आणि मधे एक महत्त्वाची रेघ आहे: १४०. असा क्षणिक धडाका १४० डेसिबलच्या वर गेला की उघड्या कानाला तो धोक्याचा, असं अमेरिकेचं लष्करी मानकही मानतं आणि कारखान्यांचे नियमही मानतात. म्हणजे सप्रेसरने बंदूक शांत होत नाही, ती फक्त 'कान फाडणारी' वरून 'मोठ्या आवाजाची' एवढ्यावर येते. १३५ डेसिबल म्हणजे काही सतारवादन नव्हे :)

मग निवड करायची कशात? आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना ते त्रिकूट पाठच आहे: लवकर, स्वस्त, चांगलं, यातली कुठलीही दोन निवडा. इथलं त्रिकूट असं: छोटा, हलका, शांत. आणि गंमत म्हणजे पहिल्या दोघांचं एकमेकांशी छान जमतं, तिसऱ्याचं दोघांशीही जमत नाही. कारण वायू पसरायला जागा लागते. नळकांडं चार-पाच सेंटिमीटरने आखूड केलं की जागा गेली, पडदे कमी झाले, आणि पाच-सहा डेसिबलचा फरक सहज पडतो. सहा डेसिबल म्हणजे दाब दुप्पट. कार्बाईनची गोष्ट तर आणखीच वाईट. तिची नळी मुळातच आखूड, त्यामुळे वायू बाहेर पडताना त्याचा दाब जास्त असतो. म्हणजे जिथे मोठ्या सप्रेसरची गरज, तिथेच छोटा लावायचा मोह.

मोह का, तेही खरं आहे. त्याला मी नावं ठेवणार नाही. जिन्यात, गाडीत, बोळात वापरायची म्हणून कार्बाईन आखूड केली, आणि पुढे वीतभर नळकांडं लावून परत रायफलीएवढी केली तर काय मिळवलं? शिवाय वजन कुठे येतं तर अगदी टोकाला. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली काठीच्या टोकाला बांधून ती काठी खांद्याला लावा आणि दहा मिनिटं समोर धरून ठेवा. मी झाडूने करून पाहिलं, चौथ्या मिनिटाला बायकोने विचारलं, काय चाललंय... असो.

धातूचंही तसंच. टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम सत्तावन्न टक्के, म्हणून तो हलका. पण सलग गोळीबारात नळकांडं प्रचंड तापतं, आणि तापल्यावर टायटॅनियमची ताकद झपाट्याने उतरते. शिकाऱ्याला दिवसात दोन गोळ्या झाडायच्या, त्याला तो उत्तम. ज्याला एका दमात पाच-सहा मॅगझिन्स रिकामी करावी लागतील, त्याला निकेलचा मिश्रधातू किंवा चांगलं पोलाद लागतं, आणि ते जड. म्हणजे माझ्या भावाचा हिरवा विजेता शिकाऱ्यासाठी होता, सैनिकासाठी नव्हे. आणि हे त्याच्याच शीटमध्ये 'धातू' या कॉलममध्ये लिहिलेलं होतं!

आणखी एक भानगड असते, ती मला चाकणला एक्झॉस्ट डिझाईन करणाऱ्या माझ्या एका शाळूसोबत्याने समजावली. त्याला फोन लावला तर तो तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, म्हणजे निवांतच होता. म्हणाला, "अरे, हे तर माझंच काम. माझ्या सायलेन्सरला सेकंदाला पन्नासदा धक्का बसतो, त्याला एकदाच पण जोराचा. बाकी रडगाणं तेच. मार्केटिंगला आवाज पाहिजे, एआरएआयला नको, वजन कमी पाहिजे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला पाहिजे आणि पाय भाजता कामा नये."

हे साम्य योगायोगाचं नाही बरं का. बंदुकीच्या सायलेन्सरचं अमेरिकन पेटंट १९०९ चं, हायरम पर्सी मॅक्सिम याचं. हा मूळचा मोटारगाड्यांमधला इंजिनिअर, आणि पुढे त्याच्या कंपनीने इंजिनं आणि कारखान्यांसाठीही सायलेन्सर केले. त्याचे वडील सर हायरम मॅक्सिम, म्हणजे ज्यांच्या नावाने मॅक्सिम मशीनगन ओळखली जाते ते. आपल्याच बंदुकीच्या आवाजाने ते उतारवयात ठार बहिरे झाले होते. बापाने जगाला दिलेला आवाज पोराने नळकांड्यात कोंडायचा प्रयत्न केला, असं म्हणायला हरकत नाही.

तर मित्राने सांगितलेली भानगड म्हणजे बॅक प्रेशर. वायू अडवला की तो मागेही ढकलतो. मोटारसायकलमध्ये त्याने इंजिनचा दम जातो, आणि हुशारीने वापरला तर फायदाही होतो. २००० च्या दशकात बजाजने एक्झॉस्टेक नावाचा छोटा डबा पाईपला जोडून कमी आरपीएमवरचा टॉर्क सुधारला होता, तो अनेकांना आठवत असेल. बंदुकीत मात्र अडलेला वायू नळीतून उलटा येतो, यंत्रणा जोरात मागे आपटते, आणि तो गरम, विषारी धूर थेट सैनिकाच्या तोंडावर. म्हणून अलीकडे वायू पुढच्या पुढे वळवून सोडणारी डिझाईन्स निघाली आहेत, त्यातली बरीच थ्री-डी प्रिंटिंगने करतात, कारण आतली वळणं लेथवर काढताच येत नाहीत. अमेरिकन मरीन कोअरने २०२० च्या अखेरीपासून आपल्या पायदळाला सरसकट सप्रेसर द्यायला सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये त्यांच्या लष्कराने नवी ६.८ मिलिमीटरची रायफल निवडली ती सप्रेसरसकटच. तिथे हा धूर कमी करणं ही निवडीची एक अट होती.

आता अण्णा.

अण्णा भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं होते. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही, त्या काळी बहुतेक ठिकाणी तसंच होतं. पत्र्याचे पार्ट्स मारायचे, दिवसभर धाडधाड. लहानपणी मी डबा द्यायला गेटवर जायचो तेव्हा जमीन हादरलेली पायाला कळायची. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत आहे. कागदावर सगळं आहे. कानाला लावायचे मफ्स अण्णांनाही मिळाले होते. ते वापरायचे नाहीत.

चार वर्षांपूर्वी चिंचवडला त्यांची तपासणी केली. ऑडिओग्रामवर रेघ सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी वयसुद्धा विचारलं नाही, आधी विचारलं, "कुठल्या कंपनीत होतात?" तो खड्डा ही आवाजाची सही असते म्हणे. आणि त्या खड्ड्याच्या आसपास स, श, त ही अक्षरं राहतात. म्हणून अण्णांना आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. भाजीवाल्याशी यावरून दोनदा भांडण झालंय. माझी मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की ते हसून मान हलवतात. ती सहा वर्षांची आहे, पण तिला कळलंय की आजोबांनी ऐकलेलं नाही. हल्ली ती त्यांना कमी सांगते.

त्या शनिवारी मी त्यांना मोठ्याने विचारलं, "अण्णा, तुम्ही ते मफ्स का लावत नव्हता?"

"अरे, जड होते. घाम यायचा. आणि मुख्य म्हणजे प्रेसचा आवाज बदलला की कळायचं नाही. डाय सैल झाली की आवाज बदलतो. तो ऐकला नाही तर हात जाईल. आणि समोरचा ओरडला तर? कान गेलेला चालतो, हात गेलेला नाही चालत."

बघा, किती साधं गणित. तीस वर्षांनी जाणारा कान विरुद्ध आज जाणारा हात. आणि आज जाणवणारं वजन विरुद्ध उद्या जाणवणारं नुकसान. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

इथेच माझा मुद्दा आहे. सप्रेसरवर सगळ्यात मोठा आणि योग्य आक्षेप हा की इअरप्लग स्वस्त आहेत की! काही रुपयांचा प्लग, आणि तोही वीस-पंचवीस डेसिबल अडवतो. लाखो कार्बाईन्सना प्रत्येकी महागडं नळकांडं कशाला? शिवाय ते साफ करा, तापलं की हात भाजा, लावल्यावर नेम किंचित सरकतो तो परत जुळवा. हे सगळे आक्षेप खरे आहेत. पण अण्णांचं उत्तर सैनिकालाही तसंच्या तसं लागू पडतं. गस्तीवर निघालेला जवान कानात बोळे घालून चालणार नाही. पाचोळ्यावरचं पाऊल, जोडीदाराची हाक, वायरलेस, हे ऐकणं म्हणजेच जिवंत राहणं. म्हणजे प्लग खिशात राहणार आणि पहिली गोळी उघड्या कानावर सुटणार. आवाज ऐकू येऊ देऊन धडाका तेवढा अडवणारे इलेक्ट्रॉनिक हेडसेट मिळतात, ते द्यावेतच. पण बॅटरी संपते, घाम येतो, आणि माणूस ते काढून ठेवतो. सेफ्टीचं जुनं सूत्र आहे: धोका आधी उगमापाशी कमी करा, माणसाच्या अंगावर काहीतरी चढवणं हा शेवटचा उपाय. भोसरीत प्रेसखाली रबरी माउंट आणि भोवती आवाज शोषणारं खोकं बसवणं हा पहिला उपाय होता. मफ्स हा शेवटचा. दिले गेले फक्त मफ्स, कारण ते स्वस्त होते आणि 'दिले' म्हणून रजिस्टरमध्ये सही घेता येत होती.

मग वजनाच्या कॉलमवर यादी का सॉर्ट होते? माझं उत्तर: कारण वजन कोणालाही मोजता येतं. किराणा दुकानातल्या काट्यावरसुद्धा येतं. लांबीला फुटपट्टी पुरते. बंदुकीचा आवाज मात्र मोबाईलच्या ॲपवर मोजता येत नाही, त्याचा माईक त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो. तो धडाका मिलिसेकंदाच्याही अंशात चढतो. त्याला खास माईक लागतो, सेकंदाला लाखो नमुने घेणारी यंत्रणा लागते, आणि माईक कुठे ठेवला, यावर आकडा बदलतो. नळीच्या तोंडापासून मीटरभर बाजूला ठेवला की एक आकडा, नेमबाजाच्या कानापाशी ठेवला की दुसरा. कॅटलॉगमध्ये कुठला छापायचा ते कंपनी ठरवते. त्यामुळे तुलना अवघड होते. आणि जे अवघड, ते शीटमधून बाहेर जातं. कोणी वाईट हेतूने काढत नाही. माझ्या भावाने अगदी प्रामाणिकपणे 'डेटा क्लीन' केला होता.

आपण ऑफिसात हेच करतो की. किती तिकिटं बंद झाली ते मोजतो, कोड पुढच्या माणसाला वाचता येईल का ते मोजत नाही. पॅकेज मोजतो, झोप मोजत नाही. मोजायला सोपं ते महत्त्वाचं ठरतं, आणि ज्याचं बिल वीस वर्षांनी येणार ते कोणाच्याच डॅशबोर्डवर नसतं.

नुसती टीका करून थांबू नये म्हणून, एआरडीईतल्या शास्त्रज्ञांपेक्षा मला जास्त कळतं असा अजिबात आव न आणता, एका करदात्याची विशलिस्ट देतो.

एक, आवाज नेमबाजाच्या कानापाशी मोजा, आणि कमाल १४० च्या खाली ही पास-नापास अट ठेवा. तिथे वजनाशी देवाणघेवाण नको. ती अट पाळणाऱ्यांमधून मग हवा तो हलका निवडा. क्रम उलटा नको.

दोन, सरासरी सांगू नका, सगळ्यात वाईट गोळी सांगा. थंड सप्रेसरमधून सुटणारी पहिली गोळी बहुधा जास्त आवाज करते, कारण आतल्या हवेतल्या ऑक्सिजनवर उरलीसुरली दारू पेटते. आणि कानाला इजा व्हायला एकच गोळी पुरते. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाईम दाखवून खूश होणाऱ्या मॅनेजरला आपण हसतो ना, तसंच हे.

तीन, भिंतींच्या आत मोजा. कार्बाईन खोलीत आणि जिन्यात वापरायची असेल तर मोकळ्या मैदानातला आकडा काय कामाचा?

चार, सलग गोळीबारानंतर, म्हणजे नळकांडं तापलेलं असताना, परत मोजा. सोबत तोंडावर येणारा धूरही.

पाच, वजन सुटं देऊ नका. बंदूक, सप्रेसर, दुर्बीण, भरलेलं मॅगझिन, सगळं मिळून, आणि तोल कुठे येतो तेही. कदाचित त्यातून असं निघेल की सप्रेसर मुळापासून धरूनच नळीची लांबी ठरवायला हवी होती. ॲक्सेसरी म्हणून मागाहून चिकटवलेली गोष्ट नेहमीच लांब आणि जड वाटते. सिक्युरिटी शेवटच्या स्प्रिंटमध्ये घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि हो, रावेत-निगडीला रात्री अकरा वाजता स्टॉक सायलेन्सर काढून 'हलका' पाईप लावलेली बुलेट उडवणाऱ्या दोस्तांनो, तुमचंही गणित तेच आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून कंपनीने तो जड डबा लावलेला असतो. त्यातले पडदे काढून तुम्ही तीन-चार किलो वाचवता, आणि तो आवाज बिल्डिंगमधल्या एखाद्या तान्ह्या बाळाच्या खात्यावर टाकता. पोलीस ते पाईप जप्त करून रोड रोलरखाली घालतात, त्याचे फोटो पेपरात येतात. मला ते बघून फार वाईट वाटत नाही.

रविवारी संध्याकाळी भाऊ परत निघाला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "तो कॉलम परत घाल. जिथे आकडा नाही तिथे रिकामं ठेव, पण कॉलम ठेव." डेटाबेसमध्ये रिकामी जागा आणि नसलेला कॉलम यात फार फरक असतो. रिकामी जागा दिसते, ती बघून कोणीतरी विचारतं, हा आकडा का नाही? नसलेल्या कॉलमबद्दल कोणी विचारत नाही.

काल त्याची नवी शीट आली. वीसपैकी सहांचे कानापाशी मोजलेले आकडे त्याला मिळाले, चौदा जागा रिकाम्या. हिरवा विजेता गायब. आता त्याला एक साउंड लेव्हल मीटर घ्यायचाय, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या प्रेसचा आवाज मोजायला. बंदुकीचा नाही मिळाला तर नाही, हा तर मिळेल, म्हणाला. मी अर्धे पैसे देतो म्हणालोय.

अण्णांनी विचारलं, "कशाबद्दल चाललंय एवढं?"

"सायलेन्सर, अण्णा!"

"कुठल्या गाडीचा?"

मी टीव्ही बंद केला, त्यांच्या समोर बसलो आणि सावकाश, एकेक शब्द तोडत सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. त्यांनी शेवटी मान हलवली, आणि या वेळी खरंच ऐकल्यावर हलवतात तशी हलवली. म्हणाले, "बरोबर आहे. आम्हाला कोणी असं मोजून दाखवलं असतं ना, तर कदाचित लावले असते रे ते मफ्स."